मुक्त पत्रकारितेचे ओझे

आज पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव सुरू असताना लहान नौकांवरच्या तांडेलांशी, म्हणजे नौकाप्रमुखांशी, प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीविषयी बोललो. केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्रात ते दिवे दिसतातच, असे सांगत एकाने टोपलीच्या तळाशी पडलेले चार बांगडे दाखवले आणि माझे नाव मात्र छापू नका, अशी विनंती केली. त्याची भीती मला परकी नाही.

मुक्त पत्रकाराला पगार नाही, रजा नाही आणि धमकीचा फोन आला तर पाठीशी उभे राहणारे कार्यालयही नाही. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीच्या धडकेने मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हापासून मी घरी परतेपर्यंत आईच्या जिवात जीव नसतो. मानधनही महिनोन्‌महिने रखडते. म्हणून आता मोबदला आधी लेखी ठरवतो, बाहेर पडताना मित्राला ठिकाण कळवतो आणि झोपेच्या वेळी फोन दूर ठेवतो. याचा खरोखरच आधार वाटतो.

उद्या मत्स्यव्यवसाय खात्याची बाजू जाणून घ्यायची आहे. ती मिळाल्याशिवाय ही बातमी मी कुणालाही देणार नाही.