सगळ्यांचंच गेलंय की

लातूर, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दुपारी वैनीचा फोन आला होता. सहज बोलता बोलता म्हणाली, "भावजी, तुमचे दादा हल्ली कुणाशी धड बोलंनात." मी म्हटलं, पावसानं सगळ्यांचंच डोकं फिरलंय. फोन ठेवला आणि लक्षात आलं, हेच वाक्य मी दादालाही ऐकवलं होतं.

सप्टेंबरातल्या पावसात त्याचा फोन आलेला. "पाणी हटंना बघ. सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटायलेत." मी ऑफिसातून निघायच्या गडबडीत होतो. म्हटलं, "सगळ्यांचंच गेलंय की. मराठवाडाभर हेच आहे." माझ्या मते तो धीर होता. पलीकडून "व्हय" आलं आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्यानं शेताबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारलंही नाही.

ही सवय कुठून आली ते माहीत आहे. आमच्या घरात दुःख मोजायला एकच माप होतं, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे त्या गावात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. हजारो गेली. आमचं गाव त्याच औसा तालुक्यात, पण आमच्या भिंती उभ्या राहिल्या. तेव्हापासून कुणी रडलं की आई म्हणायची, "किल्लारीच्या लोकांचं बघ." दहावीत मार्क कमी पडले, किल्लारीच्या लोकांचं बघ. दादाचं एक लग्न मोडलं, तरी तेच. आईला दोष देत नाही. पत्र्याच्या शेडात बसलेली माणसं तिनं डोळ्यांनी पाहिली होती, त्यांच्यापुढं आमची गाऱ्हाणी तिला खरंच बारकी वाटत असणार. पण त्यामुळं आम्ही दोघं भाऊ एक गोष्ट पक्की शिकलो: आपलं दुखणं त्या मापात भरत नसेल तर तोंड उघडायचं नाही.

मागच्या आठवड्यात लेक मैत्रिणीशी भांडून रडत आली, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. तिनं नाक पुसत विचारलं, "किल्लारी कोण?"

बायको स्वयंपाकघरातून हसली. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनं पोरीला एवढंच विचारलं, "मग ती काय म्हणाली?" झालं. पोरगी अर्धा तास सांगत बसली, आणि सांगून झाल्यावर पोहे मागितले.

अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं निरीक्षण केलं होतं, ते कधीतरी वाचलेलं आज आठवलं. एकानं काहीतरी बोलून दुसऱ्याचं लक्ष मागायचं, दुसरा वळतो की नाही हे ते बघत होते. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती ती १०० पैकी ८६ वेळा वळलेली होती, ज्यांचं मोडलं ती ३३ वेळा. वाचताना ८६ चं कौतुक वाटलं होतं. आज ३३ खुपतंय. मोडलेलीसुद्धा तीनातल्या एका वेळी वळत होती की! दादाच्या बाबतीत माझा हिशेब तिथवरही जाणार नाही. अर्थात ते नवराबायकोंचं, भावांचं कुणी मोजलंय का कुणास ठाऊक. आणि दादा काही लक्ष मागणाऱ्यातला नाही. तो "पाणी हटंना" म्हणतो. त्यातच काय ते ओळखायचं.

संध्याकाळी फोन लावला.

"काय करायलास?"

"बसलाव."

"सोयाबीन किती राहिलं?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "कामून? सगळ्यांचंच गेलंय की."

माझेच शब्द, जसेच्या तसे. मला काही सुचेना. म्हटलं, "सगळ्यांचं राहू दे. तुझं सांग."

त्यानं सांगितलं, पण सरळ नाही. आधी म्हशीचं सांगितलं, मग बांध फुटला त्याचं, मग शेजाऱ्याच्या मोटारीचं. राहिलेलं सोयाबीन आडतीवर नेलं तर ओलावा १८ टक्के निघाला. हमीभावाला १२ च्या वर चालत नाही. सरकारचा भाव ५,३२८ रुपये क्विंटल, याच्या हातात काय पडलं तो आकडा त्यानं सांगितला नाही. माझ्या ओठांवर "वाळवून न्यायचं ना" आलं होतं, ते गिळलं. ऊन कुठं होतं वाळवायला?

"मग आडत्या काय म्हणाला?" एवढंच विचारलं.

"थांब," तो म्हणाला, "बाहेर येऊन बोलतो. आत रेंज येईना."

घरात रेंज असते. वैनी तिथूनच बोलली होती.