न रंगलेली दुधाची नळी

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. ईआर आणि पीआर ही पेशींमधली हार्मोन पकडणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर; हर-टू पेशींची वाढ चालवणारं प्रथिन. तिन्ही नसली की हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा उपयोग नसतो, बहुधा किमो द्यावी लागते. कागद माझ्यापुढे ठेवून रुग्ण बाईचा मुलगा एवढंच म्हणाला, "मॅडम, आवशीक किमो सोसात काय?" आई साठीतली, दम्याची. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या रुग्णालयात तिचा स्तन काढला होता. मी पॅथॉलॉजिस्ट; पेशींची तपासणी माझ्याकडे झाली, हार्मोन रिसेप्टरच्या चाचणीसाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मोठ्या शहरात गेला.

ती गाठ मला आठवत होती. गाठीची ग्रेड ठरवायच्या नॉटिंगहॅम पद्धतीत पेशींनी बनवलेल्या नळ्या, केंद्रकांचं रूप आणि पेशींचं विभाजन यांना प्रत्येकी 1 ते 3 गुण देतात. हिची बेरीज 4, म्हणजे ग्रेड 1, सगळ्यांत सौम्य. सुबक नळ्या, शांत केंद्रकं. अशा गाठी जवळजवळ नेहमीच ईआर पॉझिटिव्ह असतात. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही नसलेला कर्करोग, बहुधा ग्रेड 3 निघतो.

आठवायचं दुसरं कारण बरणी. शनिवारी काढलेला स्तन अखंडच्या अखंड अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला, वर चार बोटं फॉर्मॅलिन (काढलेला अवयव टिकवणारं द्रव), आणि एसटीच्या पार्सलने सोमवारी माझ्या टेबलावर. वरून घट्ट, सुरी घातल्यावर आत लालसर आणि लिबलिबीत. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर मुरतं, चरबीतून तर आणखी सावकाश. म्हणून तासाच्या आत गाठीपर्यंत काप द्यायचे, दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं आणि 6 ते 72 तास ठेवायचं. नाहीतर रिसेप्टरची प्रथिनं विरतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. ‘फिक्सेशन अपुरे’ म्हणजे फॉर्मॅलिन नीट मुरलं नाही, हे मी रिपोर्टात लिहिलं होतं. शेवटच्या ओळीपलीकडे रिपोर्ट वाचतो कोण!

मी ईआरची स्लाइड मागवली. या चाचणीत ईआर असलेल्या पेशी तपकिरी होतात, नसलेल्या निळ्या राहतात. गाठ निळी, ठीक. पण शेजारची निरोगी दुधाची नळीही निळीच. तिथल्या काही पेशी तरी तपकिरी व्हायलाच हव्यात, तोच त्या चाचणीचा साक्षीदार. तो गप्प असेल तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नसतं, ‘पुन्हा करा’ लिहायचं असतं. इतक्या महागड्या यंत्रांच्या लॅबमध्ये हे कुणी पाहिलं नाही, याचा मला अजून राग येतो.

शस्त्रक्रियेआधीची सुईची बायोप्सी दुसऱ्या लॅबमध्ये होती. सुईचा तुकडा बारीक, त्यामुळे लगेच मुरतो. तो ब्लॉक मुलगाच घेऊन आला. पुन्हा चाचणी केली. किती पेशी किती गडद रंगल्या हे मोजणारे ऑलरेड गुण: ईआर 8 पैकी 8, पीआर 7, हर-टू निगेटिव्ह. काखेतल्या लसीका गाठींत कर्करोग पसरलेला नव्हताच. ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कर्करोगाच्या डॉक्टरांनी, किमो रद्द करून लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी रोजची गोळी दिली.

आता मी शस्त्रक्रियागृहांना रुंद तोंडाच्या, फॉर्मॅलिन भरलेल्या बरण्या पाठवते. फॉर्मवर दोन रकाने ठेवलेत: स्तन काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. सिस्टर मन लावून भरतात. सर्जननी स्वतः पाठवलेले फॉर्म बहुतेक कोरेच येतात.

ग्रेड 1 असूनही निगेटिव्ह ठरलेल्या जुन्या केसेस मी कपाटातून काढते आहे. काहींच्या स्लाइड शहरातून परत आल्याच नाहीत. एका सर्जननी विचारलं, आता उकरून काय उपयोग? गोळी आता सुरू करायची की नाही, हे त्या त्या बाईचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. पण तिच्या स्लाइडवरची नळी रंगली होती का, हे आधी कुणीतरी बघायला हवं, आणि तिचा ब्लॉक माझ्याकडे आहे.