जुना प्रोजेक्ट, नवी बेस इमेज

आजचा अख्खा दिवस एका डॉकर बिल्डपायी (म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधण्यापायी) गेला. कोडमध्ये एक ओळही बदललेली नव्हती. फक्त बेस इमेज, म्हणजे ज्या तयार पायावर आमची इमेज उभी राहते तो, पायथन ३.१० वर नेली आणि पायवायएएमएल (यामल फाइल्स वाचणारी पायथन लायब्ररी) ५.४.१ पाशी बिल्ड कोसळला.

५.४.१ च्या व्हील फाइल्स, म्हणजे आधीच बिल्ड करून ठेवलेली पॅकेजं, पायथन ३.९ पर्यंतच आहेत. त्यापुढच्या पायथनवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं टूल) ते सोर्समधून बिल्ड करतो, त्यासाठी वेगळं तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट उभारतो आणि त्यात सायथनची (पायथनसारख्या कोडचं सी मध्ये रूपांतर करणारं टूल) सगळ्यात नवी आवृत्ती ओढतो. जुलै २०२३ मध्ये सायथन ३.० आलं, त्याचं आणि पायवायएएमएल ५.४.१ चं जमत नाही. रिक्वायरमेंट्समध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) सायथन पिन करून, म्हणजे त्याची आवृत्ती ठरवून देऊन, उपयोग नाही, कारण तो पिन त्या तात्पुरत्या एन्व्हायर्नमेंटपर्यंत पोचतच नाही. टीममधल्या ज्युनिअर मुलीने नेमकं इथेच बोट ठेवलं. फार अभिमान वाटला तिचा!

मग एका फाइलमध्ये सायथन ३ च्या खालचंच हवं अशी अट लिहिली आणि डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) पिप_कन्स्ट्रेंट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, इन्स्टॉलच्या आधी, त्या फाइलकडे वळवला. बिल्ड पास.

खरं तर पायवायएएमएल ६.०.१ वर जाणंच योग्य. पण आमच्या एका जुन्या लायब्ररीला पायवायएएमएल ६ च्या खालचंच लागतं. आता आधी त्या लायब्ररीला हलवायचं.