एकाच आजाराची दोन औषधं

बाल्टिमोरमध्ये पहाटे कामाला निघालं की मेथाडोन क्लिनिकबाहेर माणसं उभी दिसतात. बरीचशी कृष्णवर्णीय, साठीच्या आसपासची. हेरॉइनची तलफ शमवणारं हे औषध अमेरिकेत व्यसनमुक्तीसाठी फक्त अशा क्लिनिकांतूनच मिळतं. वर्षानुवर्षं नियम असा होता, की सुरुवातीला जवळजवळ रोज यायचं आणि नर्ससमोर ते प्यायचं. दोन बस बदलून इथे यायचं, मग नोकरीवर धावायचं. थंडीतही हेच.

दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन. २००२ पासून ते साध्या दवाखान्यात लिहून मिळतं, महिन्याभराचं घरी नेता येतं, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पण २०२२ अखेरपर्यंत त्यासाठी डॉक्टरांना वेगळी परवानगी काढावी लागे आणि त्यांतले बरेच जण रोख पैसे मागत. २०१९ साली 'जामा सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हे औषध मिळालेले बहुतेक रुग्ण गोरे, आणि स्वखर्चाने किंवा खासगी विम्यावर उपचार घेणारे निघाले. आजार एकच, पण औषध ठरतं ते कातडीवर आणि खिशावर. मला याचा संताप येतो.

याची मुळं जुनी आहेत. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विकायला बाळगलं तरी किमान ५ वर्षं तुरुंग. पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागत. क्रॅक कोकेनपासूनच बनतं, पण ते गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जाई. (त्याच वर्षी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं, व्यसनी माणसाला रुग्ण मानून.) २०१० मध्ये हे प्रमाण १०० ऐवजी १८ पटींवर आलं, बरोबरीला नाही. पुढे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने गोऱ्यांच्या गावांत माणसं मरू लागली, तेव्हा कुठे 'हा आजार आहे, गुन्हा नव्हे' ही भाषा सगळीकडे ऐकू येऊ लागली. बाल्टिमोरच्या या म्हाताऱ्यांच्या वाट्याला ती तरुणपणी आली नाही. हेरॉइनहून कितीतरी जहाल असं फेंटानिल पसरल्यावर २०२० मध्ये ओव्हरडोसने होणाऱ्या मृत्यूंचा दर कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा वर गेला.

२०२४ च्या नव्या नियमांनी स्थिरावलेल्या रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचं मेथाडोन घरी नेता येतं, पण द्यायचं की नाही हे क्लिनिक ठरवतं. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते नाक्यावरच्या केमिस्टकडे मिळतं. इथेही तसंच मिळायला हवं.