कारण: पटकी

मी मोडी वाचतो. सध्या कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ असते. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'. सगळ्यांना त्यातला एकच शब्द हवा असतो, जातीचा. शेजारच्या रकान्यात पणजोबा कशाने गेले ते लिहिलेलं असतं, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मी बघतो. 'ताप' म्हणजे काहीही: हिवताप, विषमज्वर, क्षयसुद्धा. 1918 च्या दिवाळीच्या आसपास पानंच्या पानं नुसता ताप. ती मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. देवी बहुधा खऱ्या, त्या अंगावर दिसतात. बाकी सगळं ऐकीव. डॉक्टर कुठला आलाय?

मागच्या महिन्यात एक दादा आले. घरात चालत आलेली गोष्ट अशी, की पणजोबा भावाकडे जेवले, रात्री उलट्या-जुलाब, पहाटे खलास. भावजयीने सोमल घातला! "तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणी पीत नाही आम्ही."

नोंद सापडली. फेब्रुवारी 1911. आधी ओढलेल्या रेघेला टांगलेली अक्षरं, शब्द तोडलेले नाहीत, वर पानाला वाळवी. तरी पहिल्या झटक्यात लागली. जात 'कु.', दादांचं काम झालं. मी आगाऊपणे पुढचंही वाचलं: कारण पटकी.

"दादा, कॉलरा होता. विष नव्हे."

ते बराच वेळ गप्प बसले. मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला.

रात्री स्कॅन पुन्हा उघडला. पानावर चौदा मृत्यू. ताप, ताप, खोकला, बाळंतपण, ताप. पटकी एकच. पुढच्या पानावर एकही नाही. पटकी गावात शिरली की एका विहिरीवरची घरं ओळीने जातात. आणि सोमलाच्या उलट्या-जुलाबांत नि पटकीच्यात फरक करायला वही लिहिणाऱ्या कुलकर्ण्याकडे काय होतं? पण तेव्हा माघवारी नुकतीच झाली होती. पणजोबा पंढरपूरहून दुखणं घेऊन आले असतील, तर एकटेही गेले असतील. ते वहीत नाही.

परवा दादांचा फोन. पुतणीच्या लग्नाची पत्रिका तीन पिढ्यांनी बांधापलीकडे गेली. "सर, काकांकडच्यांनाही दाखवायचंय. सगळ्या पानाचं लिप्यंतर करून द्या ना."

सहा ओळी झाल्यात.