थांब, माझ्या बाळाला...

आमचा संसार सध्या दोनच शब्दांवर चालला आहे, ‘थांब’ आणि ‘आलेच’. त्यातलं ‘थांब’ निदान प्रामाणिक आहे. ‘आलेच’ ही निव्वळ थाप. जागची तसूभरही हललेली नसताना बाई भूतकाळात ‘आले’ म्हणून मोकळी होते, ही सोय मराठीनं लेकुरवाळ्यांसाठीच करून ठेवली असावी. थोरलीला ती सोय कळली आहे. परवा जेवायला हाका मारत होते तर आतल्या खोलीतून आवाज आला, ‘आलेच!’ पुढे दहा मिनिटं कुणीही आलं नाही.

थोरली सव्वातीन वर्षांची, धाकटा चार महिन्यांचा. थांब, बाळाचं दूध होऊ दे. थांब, बाळाचं दुपटं बदलते. थांब गं, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. थोरली थांबते. एक पाय दुसऱ्या पायावर घासत, माझ्या गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत थांबते आणि मग कधीतरी एकदम घरात शांतता पसरते. लहान मुलांच्या घरात शांततेइतकं भीतिदायक काही नसतं. मागच्या आठवड्यातल्या अशाच एका शांततेत तिनं बाळाच्या पावडरीचा डबा कणकेच्या डब्यात रिकामा केला. का, तर मी सकाळी म्हणाले होते, ‘पीठ संपत आलंय.’ तिच्या परीनं तिनं वाणसामान भरलं होतं.

साडेतीन महिन्यांची लस झाली तेव्हाही तेच. दीड, अडीच, साडेतीन हा लसीचा पाढा मला आता झोपेतही येतो. बाळाच्या दोन्ही मांड्यांना टोचलं, तो कळवळून रडला आणि घरी आल्यावर थोरलीनं फर्मावलं, ‘मला पण पत्ती.’ बाळाला लावली होती तशी चिकटपट्टी तिलाही हवी. काहीही झालेलं नसलेल्या गुडघ्यावर ती पट्टी तीन दिवस होती. अंघोळीत पाय बादलीबाहेर. चौथ्या दिवशी पट्टी आपोआप सुटली तर रडणं असं, की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या.

गेल्या बुधवारची दुपार. पाऊस सकाळपासून हटला नव्हता. लेकुरवाळ्या घरातला पाऊस कवितेत नसतो, तो दुपट्यांत असतो. बाल्कनीतली दोरी भरलेली, खुर्च्यांच्या पाठी भरलेल्या, पंख्याखाली स्टँड, टीव्हीच्या कोपऱ्यावर एक झबलं. घरभर तो अर्धवट वाळलेल्या सुती कापडाचा वास. सकाळपासून इस्त्री फिरवून चार दुपटी कोरडी केली होती आणि धाकट्यानं पाऊण तासात त्यांचा निकाल लावला होता. सासूबाई म्हणतात, जुन्या साडीचं दुपटं लवकर वाळतं. वाळतं खरं, पण माझ्याकडे जुन्या सुती साड्या आहेतच कुठे? कपाटात आहेत त्या सगळ्या लग्नातल्या. जरीच्या दुपट्यात कोण झोपेल?

तर धाकटा मांडीवर दूध पीत होता आणि थोरली माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. ही आमची नवी बैठक. पुढची बाजू त्याची, पाठ तिची. तिला गोष्ट हवी होती, आणि तीही काऊचिऊचीच.

ही गोष्ट सांगायला डोकं लागत नाही. मोबाइलवर बोटं चालवत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, अर्धवट झोपेतही ती सांगता येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला. काऊचं घर वाहून गेलं. मग काऊ गेला चिऊताईकडे. चिऊताई चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. चिऊताई चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते. चिऊताई चिऊताई...

‘थांब, माझ्या बाळाला तीट...’ एवढं म्हणाले आणि माझी जीभ अडखळली. हे वाक्य मी त्याच सकाळी म्हटलं होतं. याच सुरात. पावसात उभ्या असलेल्या कावळ्याला नाही, बाथरूमच्या दारात चड्डी हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला.

पाठीमागून प्रश्न आला, ‘काऊची आई कुथंय?’

मी गोष्टींच्या घरात वाढले. आजी सांगायची, आई सांगायची, मावश्या सांगायच्या. ही गोष्ट मी हजारदा तरी ऐकली असेल, पण काऊची आई कुठे आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. घाईघाईत म्हणाले, ‘ऑफिसला गेलीये.’ तिला ते पटलं. माझी रजा २६ आठवड्यांची आहे. २०१७ मध्ये कायदा बदलला म्हणून एवढी, त्याआधी १२च आठवडे मिळायचे. त्यातले १७ आठवडे सरले. उरलेले मी रोज रात्री बोटांवर मोजते, आणि थोरली मला मोजताना पाहते. या कायद्यात आईची रजा आहे, पण थोरल्या मुलासाठी काही नाही.

खरं सांगायचं तर मला चिऊताई पहिल्यापासून आवडत नाही. इतरांच्या लहानपणी ती गोड वगैरे असेल. मी कावळ्याच्या पक्षातली. याचं कारण कराडचं आजोळ.

भावाच्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी चार वर्षांची होते. आजोळी माजघराला लागून एक अंधारी खोली होती. एरवी तिथे धान्याच्या कोठ्या आणि लोणच्याच्या बरण्या. आता कोठ्या हलवल्या होत्या, बाज टाकली होती आणि दार कायम लोटलेलं. ‘आत वारं जातं, दार लाव,’ हे त्या घरातलं त्या महिन्याभराचं ‘थांब’ होतं. मी आत गेले की वारं जायचं. आजी गेली, मावशी गेली, मालीशवाली गेली तर जायचं नाही. हा भेद मला तेव्हाही कळला नव्हता.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. तिला डोळा लावला की बाजेखालच्या शेगडीचे निखारे दिसायचे, लाल, मग राखाडी, मग कुणीतरी फुंकलं की पुन्हा लाल. धुरीचा ओवा आणि बाळंतशेपा यांचा वास फटीतून थेट डोळ्यात यायचा. आईचं डोकं ओढणीनं करकचून बांधलेलं, ती ओळखू यायची नाही. एकदा तिनं फटीकडे बघून हाक मारली. नुसतं नाव घेतलं माझं. मी पळाले. का पळाले, देव जाणे. अंगणात जाऊन पन्हळीच्या धारेखाली उभी राहिले आणि मग सर्दी झाली म्हणून आठ दिवस त्या दाराच्या जवळपासही जायला बंदी.

आजीनं त्या आठ दिवसांत मला काऊचिऊची गोष्ट किती वेळा सांगितली असेल! तिच्या गोष्टीत चिऊ शेवटी दार उघडते आणि म्हणते, भिजलास ना, जा चुलीपाशी जाऊन शेक. काऊ तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो. मला या शेवटाचा राग यायचा. एवढा वेळ पावसात उभं केलं ते केलं, वर चटका? सासूबाईंच्या गोष्टीत तो चटका नाही. त्यांच्याकडचा काऊ ऊबदार कोपऱ्यात झोपतो आणि मध्यरात्री चिऊच्या पिल्लांची खीर फस्त करतो. म्हणजे कुठल्याही घरची गोष्ट ऐका, दोष कावळ्याचाच.

आजीच्या माजघरात खऱ्या चिमण्या होत्या. आजोबांच्या तसबिरीमागे घरटं. त्या दिवसांत माजघरातला पंखा लावायची कुणाची हिंमत नव्हती, मग उकाड्यानं जीव जावो. गवताच्या काड्या, दोरे, कोंबडीचं पीस, कधी दिव्याची वात, असलं काहीबाही दिवसभर खाली पडायचं आणि आजी दोनदा झाडून काढायची, ब्र न काढता. मी खाली चटईवर पडून वर बघायची. चिमणा आणि चिमणी दोघंही चोचीत अळ्या आणायची. दोघंही! एक आत गेलं की दुसरं खिडकीच्या गजावर थांबायचं. गोष्टीतल्या चिऊताईचा नवरा कुठे असतो, हाही एक प्रश्नच आहे, पण तो थोरलीनं अजून विचारलेला नाही. विचारला तर तेही ऑफिसच.

थोरलीनं खरी चिमणी नीट पाहिलेलीच नाही. ठाण्यात आमच्या सातव्या मजल्यावर पारवे येतात. एसीच्या बाहेरच्या खोक्यावर त्यांचे संसार, त्यांची घाण, त्यांचं ते दिवसभराचं घुमणं. थोरलीच्या लेखी तीच चिऊ. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. त्या निमित्तानं आमच्या सोसायटीनं झाडांवर लाकडी घरटी टांगली. चिमणी आली नाही. एका घरट्यात मुंग्या आहेत, दुसऱ्याचा दोरा तुटून ते वॉचमनच्या खोलीत आहे. त्यात तो काडेपेटी ठेवतो.

रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, काऊची आई कुठे असते रे? त्याला असले प्रश्न आवडतात. घास हातात धरूनच तो सुरू झाला. मुळात कावळा शेणाचं घर बांधतच नाही, काटक्यांचं बांधतो, आणि शहरात तर तारांचं, हँगरचंसुद्धा. बदनामी आहे ती. शिवाय कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालून निघून जाते आणि हा बिचारा स्वतःच्या पिल्लांबरोबर ती पोरंही वाढवतो. ‘आणि मेणाचं घर उन्हाळ्यात टिकेल का? चिऊचंच वाहून जायला हवं.’

‘तू एकदम कावळ्याच्या बाजूनं?’

‘छे, मी कुणाच्याच नाही. मी बाळ.’

हे मात्र खरं. नवरा शेंडेफळ आहे. त्या गोष्टीत तिसरं एक पात्र असतं, ज्याला न्हाऊ घालतात, अंगडं घालतात, तीट लावतात, झोपवतात आणि जे शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. तसल्यांपैकी. त्याला वाटतं दार आपोआप बंद असतं.

वरून आपण म्हणतो ‘हा घास काऊचा’. रोज जेवताना म्हणतो. काऊच्या नावाचा घास शेवटी थोरलीच्याच तोंडात जातो म्हणा. आणि वर्षभर ज्याला हुसकावतो त्याची पितृपक्षात गच्चीवर पान मांडून वाट बघतो. त्या दिवशी मात्र तो आपल्याला थांबवतो, चांगला दीड-दीड तास, आणि आपण उपाशीपोटी भटजींसकट ‘काव काव’ करत उभे. बरं वाटतं मला ते बघून.

काल दिवेलागणीला थोरलीनं डायनिंग टेबलवर चादर टाकली आणि खाली घर केलं. आत दोन उशा, एक वाटी, वाळत घातलेलं बाळाचं दुपटं आणि कान तुटलेला ससा. मी भाताचा कुकर लावला होता, धाकटा गादीवर स्वतःची मूठ चघळत पडला होता, म्हणजे माझ्याकडे फार तर पाच मिनिटं होती.

‘आई, तू काऊ,’ ती आतून म्हणाली.

मी चादरीपुढे उकिडवी बसले. मोठ्या आवाजात पाऊस पाडला, घर वाहून नेलं आणि टेबलाच्या पायावर टकटक केली. चिऊताई चिऊताई, दार उघड.

‘थांब, माज्या बालाला न्हाऊ घालते.’

वाटीत चमचा फिरल्याचा आवाज. पहिली शिट्टी झाली. चिऊताई चिऊताई, दार उघड.

‘थांब, माज्या बालाला अंगलं घालते.’

दुपटं फडफडलं. एक उशी बाहेर ढकलली गेली, ती मी पुन्हा आत सारली. दुसरी शिट्टी. चादरीच्या कडेखालून तिची टाच दिसत होती, काळीकुट्ट, दिवसभर बाल्कनीत अनवाणी खेळल्याची. हात पुढे करून गुदगुल्या कराव्यात असं वाटलं, पण काऊनं तसं केल्याचं कुठल्याच घरच्या गोष्टीत ऐकलेलं नाही. चिऊताई, अगं भिजले की गं मी, उघड ना दार.

‘थांब! तीत लावते.’ आवाज थेट माझाच. तोच वैताग, ‘थां’वरचा तोच जोर.

तिसरी शिट्टी झाली. गादीवर धाकट्याचं कुरकुरणं सुरू झालं होतं. मी पुन्हा टकटक केली. आत सामसूम. चादरीला कान लावला तर ती सशाला काहीतरी सांगत होती, अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

‘चिऊताई?’

‘आलेच,’ ती म्हणाली.

मी थांबले. चौथी शिट्टी झाली. भाताला तीनच लागतात.