एका रिषभासाठी

पेटीचा एखादा सूर गेला तर आपल्याकडे कुणी फारसं घाबरत नाही. पेटी दुरुस्त करणारे येतात, फळी उघडतात, बिघडलेल्या सुराचे स्क्रू काढून तो उचलतात, त्याच मापाचा दुसरा बसवतात, जरा घासून जुळवून देतात आणि चहा घेऊन निघतात. पेटी जुनी असली आणि आत जर्मन सूर निघाले, तर ‘आता असा माल कुठे’ म्हणून हळहळतात आणि पालिताण्याचा सूर बसवून मोकळे होतात.

माउथ ऑर्गन त्याच कुळातला. पितळेची जीभ, म्हणजे रीड, तिच्या मापाची खाच, आणि मधून जाणारा वारा. पण इथे एकटा सूर बदलायची सोय नाही. दहा भोकांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये वीस रीड असतात: वरच्या प्लेटवर फुंकायच्या दहा, खालच्या प्लेटवर श्वास आत ओढून वाजवायच्या दहा. त्या बहुधा रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या बारीक खिळीने, पक्क्या केलेल्या. एक गेली की अख्खी प्लेट घ्यायची, आणि प्लेटा मिळतात जोडीनेच. रिव्हेट काढून एकच रीड बदलणारे कसबी लोक जगात आहेत, पण ते हात माझे नव्हेत. आमच्या पेटीवाल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एका सुरासाठी वीस सूर? हा तर दुकानदाराचा माउथ ऑर्गन झाला.”

आणि जातो तो कुठला? पांढरी एकचा, म्हणजे सी सुराचा, माउथ ऑर्गन घेतला, तर मधल्या सप्तकात सा, ग, प फुंकून मिळतात आणि रे, म, ध, नी ओढून. फुंकताना माणूस सहसा बेताने वागतो. ओढायची वेळ आली की त्याच्यातला कलावंत जागा होतो. त्यातही चौथ्या भोकातला ओढायचा रे, म्हणजेच रिषभ, ही घरातली कर्ती सून. सा वरून चाल निघाली की पहिलं पाऊल त्याच्यावर. जोर लावून वाकवला की तोच कोमलही होतो, म्हणून ब्लूज हे अमेरिकी संगीत वाजवणारे त्याला सोडत नाहीत. आपल्या हिशेबाने बघितलं तर त्याच्यावरचा भार आणखी कळतो. एरवी हे वाद्य बिलावल थाटात, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांत, वाजतं; पण याच वाद्यावर रिषभाला सा धरलं की काफी थाट हाताशी येतो आणि पंचमाला सा धरलं की खमाज. म्हणजे हा एक सूर उतरला की बिलावलचा रे, काफीचा सा आणि खमाजचा प असे तिघेही एकदम आजारी.

हा रिषभ सेकंदाला सुमारे ५८७ वेळा थरथरतो. लांब सुरांची हौस असलेल्या माणसाने त्याला मिनिटभराचं काम दिलं तर पस्तीस हजारांवर हेलकावे होतात. पितळ कितीही गुणी असलं तरी शेवटी थकतंच. रिव्हेटच्या जवळ, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त, तिथे बारीकशी चीर पडते. ती डोळ्याला दिसेलच असं नाही. कानाला मात्र कळते. काल ठीक असलेला सूर आज थोडा उतरलेला असतो, उद्या आणखी. टोकाकडून किंचित खरवडून तो चढवता येतो, पण चीर पडलेल्या रीडला ही मलमपट्टी चार दिवस पुरते.

मग दुकान. मुंबईत धोबीतलावला वाद्यांची दुकानं आहेत, पुण्यात आहेत, आणि आता फोनमध्येही आहेत. ‘सुटी रीड-प्लेट मिळेल का?’ असं विचारलं की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग म्हणतो, “नवीनच घ्या की.” त्याचं गणित चुकीचं नाही. प्लेटांची जोडी काही नव्या वाद्यापेक्षा फार स्वस्त पडत नाही, आणि बाहेरून मागवली तर टपालखर्च धरून कधी महागही पडते. शिवाय नवीन घेणं ही या वाद्याची जुनी रीतच आहे. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनच्या माथियास होनर या घड्याळजीने १८५७ मध्ये हा धंदा सुरू केला आणि पहिल्या वर्षी ६५० नग बनवले असं सांगतात. पुढे १८९६ मध्ये त्या घराण्याचा ‘मरीन बँड’ आला. नाशपातीच्या लाकडाचा सांगाडा, वर पितळी प्लेटा, आणि त्या ठोकलेल्या बारीक खिळ्यांनी. खिळे याचा अर्थ सरळ होता: उघडू नका, बिघडला तर दुसरा घ्या. तेव्हा तो स्वस्त होता, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती.

मला मात्र नवा नको होता. ओठांनी झिजवलेला सांगाडा, कुठे पोचा आलाय ते बोटांना पाठ असलेलं वरचं पत्र्याचं झाकण, हे सगळं ठीक असताना एका रिषभापायी टाकून द्यायचं माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटेना. काटकसर म्हणा हवं तर, पण महाग पडणारी काटकसर.

खरी मजा पुढे आहे. दहा भोकं, वीस रीड आणि तोच कारखाना एवढ्यावर प्लेट बसत नाही. मरीन बँडची प्लेट लाकडाच्या वर येते आणि तिची कड ओठांना लागते. त्याच होनरच्या ‘स्पेशल ट्वेंटी’ची प्लेट प्लास्टिकच्या सांगाड्यात आत उतरते, कड सांगाड्याने झाकलेली. दोन्ही सी सुराच्या, दोन्ही ट्रॉसिंगेनच्या, आणि एकमेकींच्या घरी पाहुण्या म्हणूनही राहू शकत नाहीत. स्पेशल ट्वेंटीची प्लेट ‘रॉकेट’ला मात्र चालते, कारण रॉकेट हे तिचंच नवं बिऱ्हाड. सगळ्यांत फसवा तो ‘ब्लूज हार्प’. जुना लाकडी, खिळ्यांचा. १९९० च्या दशकात तो सुट्या भागांच्या नव्या पद्धतीत गेला आणि आतली सगळी रचनाच बदलली. झाकणावरचं नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे ‘ब्लूज हार्पची प्लेट द्या’ असं सांगणं म्हणजे ‘जोशींकडे पार्सल द्या’ असं सांगितल्यासारखंच. कोणते जोशी?

या बाबतीत मला ली ऑस्करचं कौतुक वाटतं. हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला, अमेरिकेत ‘वॉर’ नावाच्या बँडमध्ये नावारूपाला आलेला वादक. त्याने १९८३ मध्ये जपानच्या टोंबो कारखान्याकडून स्वतःच्या नावाचा माउथ ऑर्गन बनवून घ्यायला सुरुवात केली, आणि प्लेटा सुट्या मिळतील हे पहिल्यापासून ठरवलं. त्याच्या कुठल्याही सुराच्या प्लेटा कुठल्याही सांगाड्यावर बसतात. वाजवणाऱ्याने बनवलेली वस्तू आणि विकणाऱ्याने बनवलेली वस्तू यांतला फरक असा स्क्रूच्या जागी दिसतो. अर्थात यातही गंमत होते. झाकणावर सी कोरलेलं आणि आत बसवलेल्या प्लेटा जी सुराच्या, असा माउथ ऑर्गन कुणी मैफलीत दिला तर गाणाऱ्याचं काही खरं नाही.

माझ्या स्पेशल ट्वेंटीच्या प्लेटा आल्या त्या पातळ कागदात, एकमेकींना न लागता. नवं पितळ इतकं पिवळं असतं की जुन्या प्लेटेकडे बघून लाज वाटावी. तिच्या कडेला हिरवट पुटं, रीडच्या मुळाशी वाळलेल्या लाळेचा पांढरा थर. बसवताना लक्षात ठेवायचं ते एवढंच: फुंकायच्या रीड आतल्या बाजूला, ओढायच्या बाहेर. स्क्रू मधले आधी, मग कडेचे, आणि कुठलाही एका दमात आवळायचा नाही. थोडा हा, थोडा तो. घाई केली की प्लेट कुठेतरी केसभर उचलली जाते, वारा तिथून निसटतो आणि मंद्रातला सा दमेकऱ्यासारखा घरघरतो. रीडला बोट लावायचं नाही. लावलंच, तर ती खाचेच्या कडेला घासून करकरते आणि मग पातळ कागदाची पट्टी घालून तिला मध्यावर आणत बसावं लागतं.

रिषभ आला. स्वच्छ, जरा कडकच. नव्या रीडचा ताठा उतरायला काही दिवस जातात.

उरल्या जुन्या प्लेटा. माझ्या एका मित्राच्या स्पेशल ट्वेंटीतला पाचव्या भोकातला मध्यम गेलाय. माझ्या जुन्या खालच्या प्लेटेतला मध्यम खणखणीत आहे, पण ती त्याला दिली तर मध्यम मिळेल आणि रिषभ जाईल. वरची प्लेट मात्र नव्यासारखी, दहाच्या दहा रीड शाबूत. ती कुणालाच नकोय, कारण फुंकायचे सूर इतक्या सहज जात नाहीत. तिच्यावर आहेत फक्त सा, ग आणि प, तेही तीन सप्तकांत, वर एक सा जास्तीचा. काकांना दाखवली, तर ते म्हणाले, “टाकू नका. एवढ्यात मालश्री राग होतो.” होतो खरा. पण बरेच जण त्यात तीव्र मध्यमही घेतात, आणि तो या वाद्यात ना वरच्या प्लेटवर आहे, ना खालच्या.